ध्यानात खाज सुटली तर
ध्यानाला बसलं की नाकाच्या शेंड्यावर हमखास खाज सुटते. लगेच हात उचलू नका. टोचतेय की हुळहुळतेय, वाढतेय की ओसरतेय, एवढंच बघत राहा. बहुतेक वेळा ती आपोआप विरते, आणि हे एकदा स्वतः अनुभवलं की पुढचं खूप सोपं जातं. विचार आला तर मनात नुसतं ‘विचार’ म्हणा, श्वासाकडे परत या. राग किंवा रडू दाटून आलं तर ते शरीरात कुठे जाणवतंय ते शोधा: छातीवरचं दडपण, घशातला आवंढा, आवळलेला जबडा. घालवायची घाई नको. मात्र गुडघ्यात कळ आली तर खुशाल मांडी बदला. दात आवळून सोसणं म्हणजे स्वीकार नव्हे. फारच गलबलून आलं तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा.