कुत्रीला क्रॉस करायच्या आधी कोणत्या टेस्ट, कधी आणि कशा करायच्या

आमच्या राणीने पन्नासाव्या दिवशी पिल्लं टाकली. लॅब्राडोर, तीन वर्षांची, ताप नाही, जेवण व्यवस्थित, त्यामुळे घरात सगळ्यांनी खापर उन्हावर फोडलं, मे महिना होता आणि जळगावचा मे म्हणजे सांगायलाच नको. पण नंतर तीन आठवडे तिला करडा-हिरवट स्राव येत राहिला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, नराची टेस्ट केली होती का? आम्ही तिचीच केली नव्हती, नराची कुठून.

रिपोर्टमध्ये निघाला ब्रुसेला कॅनिस. १९६६ मध्ये अमेरिकेत बीगल कुत्र्यांत हा जंतू पहिल्यांदा सापडला. कुत्री गाभण राहते, सगळं छान चाललेलं असतं आणि ४५ ते ६० दिवसांच्या मधे अचानक पिल्लं पडतात. यावर लस नाही, आणि औषधाचाही भरवसा नाही कारण हा जंतू पेशींच्या आत दडून बसतो, अँटिबायोटिक चालू असेपर्यंत गप्प राहतो, बंद केलं की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून जे काय करायचं ते क्रॉसिंगच्या आधी.

सगळ्यात पहिलं म्हणजे कॅलेंडर काढा. कुत्री साधारण सहा महिन्यांनी हीटवर, म्हणजे माजावर येते, तर पुढच्या हीटच्या दोन-अडीच महिने आधी टेस्टसाठी पहिलं रक्त द्यायचं. आपल्याकडे काय होतं, हीटचं रक्त दिसलं की फोनाफोनी सुरू, दहाव्या-बाराव्या दिवशी नराकडे गाडीत घालून न्यायची, मग टेस्टला वेळ कुठून मिळणार. आणि एक टेस्ट पुरत नाही. लागण झाल्यावर रक्तात अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, कधी कधी दोन-तीन महिनेसुद्धा, म्हणून ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा आणि मधल्या काळात तिला दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका. वय पण बघा, दीड वर्षाच्या आत तर क्रॉस करायचंच नाही, कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या नियमांतही १८ महिनेच आहेत.

आता नर. इथेच खरी भांडणं होतात. नराच्या मालकाला टेस्टचं विचारलं की तो म्हणतो, "त्याले काय व्हयेल से? धट्टाकट्टा से तो!" असेलही, पण वीर्यातून आणि लघवीतून हा जंतू महिनोन् महिने जातो आणि नर वरून धडधाकट दिसतो. तुम्ही स्वतः बघायचं असेल तर अंडकोष बघा, एक सुजलेला किंवा एकदम बारीक झालेला, किंवा तिथली कातडी चाटून चाटून लाल झालेली असेल तर तिथूनच परत फिरा. यातलं काही दिसलं नाही तरी टेस्ट हवीच. मी आता सरळ सांगतो की दोन्ही कुत्र्यांच्या टेस्टचा खर्च अर्धा-अर्धा, आणि रिपोर्ट दाखवल्याशिवाय पिल्लू-बिल्लू काही ठरवायचं नाही. राणीच्या वेळच्या नराच्या मालकाने तर माझा फोनच कट केला.

लॅबला विचारताना एक गोष्ट नक्की विचारा, टेस्ट कॅनिसची आहे ना? गाई-म्हशींसाठी जी रोज बेंगॉल टेस्ट करतात ती अबॉर्टस, म्हणजे गुरांच्या ब्रुसेलाची असते, तिच्यात कॅनिस पकडला जात नाही, आणि निगेटिव्हचा कागद घेऊन आपण निवांत. उलट कॅनिसच्या स्लाइड टेस्टमध्ये कधी कधी खोटा पॉझिटिव्ह येतो, तर तेवढ्यावर घाबरून निर्णय घेऊ नका, पीसीआर किंवा कल्चर, म्हणजे खुद्द जंतू शोधणाऱ्या टेस्टने खात्री करा. खात्री झाली तर मात्र ब्रीडिंग कायमचं बंद. राणीचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं, पण त्याने आजार जात नाही, फक्त पसरणं कमी होतं, म्हणून तिला अजूनही वेगळं ठेवतो.

सँपलची पण एक गंमत. पहिल्यांदा आम्ही सगळं रक्त तसंच नळीत भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवलं, दुपारभर ते ऑफिसच्या पत्र्याखाली पडून होतं, पोचलं तेव्हा नळीतलं सगळं लालभडक झालेलं, लॅबने परत पाठवा म्हणून सांगितलं आणि पैसे गेले ते गेलेच. इथेच डॉक्टरांकडून सीरम, म्हणजे वरचं पिवळं पाणी, वेगळं करून घ्या आणि ते जेलपॅक घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात पाठवा. कुत्र्याला अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, रिपोर्ट फसवतो.

त्याच वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करून घ्या, प्लेटलेट कमी निघाल्या तर गोचीडतापाची शंका घ्यायची, कापसाच्या शेतात हिंडणाऱ्या कुत्र्यांना गोचीड कमी नाहीत. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची लस पावसाळ्याआधी. आणि योनीचा स्वॅब काढून त्यात जंतू निघाले म्हणून उगाच अँटिबायोटिकचा कोर्स देऊ नका, तिथे निरोगी कुत्रीलाही जंतू असतातच.

शेतावरच्या कुत्र्यांचं अजून एक. म्हैस गाभडली की वार उकिरड्यावर फेकतात आणि कुत्रं ती ओढून खातं, त्यातून गुरांचा ब्रुसेला कुत्र्याला होतो. वार खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. गोठ्यातल्या ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची सरकारी लस मिळते, ती चुकवू नका.

आणि एवढं करूनही कुत्रीने पिल्लं टाकलीच तर उघड्या हाताने उचलू नका, हा जंतू माणसालाही लागतो. ग्लोव्ह्ज घाला, तोंडाला रुमाल बांधा, पोरांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. पिल्लू आणि वार दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवून डॉक्टरांकडे न्या, जागा ब्लीचने धुवा. नंतर घरात कुणाला ताप, रात्री घाम, सांधे दुखणं असं काही झालं तर आपल्या डॉक्टरांना कुत्रीचं आपणहून सांगा, कारण ते स्वतःहून विचारणार नाहीत आणि माणसांची नेहमीची ब्रुसेला टेस्टही कॅनिस पकडत नाही.