व्हीसीआय पिशवीची चाचणी लावण्याआधी

व्हीसीआय फिल्म, म्हणजे गंजरोधक औषधाची वाफ सोडणारं प्लास्टिक, गंज किती दिवस थोपवते हे मोजायचं असेल, तर सगळ्यात आधी त्याच जाडीच्या साध्या पॉलिथिनच्या पिशव्या आणून ठेवा. 100 मायक्रॉनची फिल्म तपासताय, तर साधीही 100 मायक्रॉनचीच. साध्या पिशवीतला स्टीलचा तुकडा गंजलाच पाहिजे. तो चकचकीत राहिला, तर चाचणीच सौम्य पडली म्हणायचं आणि पुन्हा लावायची.

तुकडे माइल्ड स्टीलच्या एकाच पट्टीतून कापा, 320 नंबरच्या पॉलिश पेपरवर एकाच दिशेने घासा, ॲसिटोनने पुसून गरम हवेने वाळवा. यानंतर उघडा हात लावायचा नाही. हे मी पोटतिडकीने सांगतोय. आमचे शाफ्ट जहाजाने गेले होते, तिकडून फोटो आला: ग्राइंडिंग केलेल्या बेअरिंग सीटवर तांबूस अंगठा उमटलेला, रेषान् रेषा दिसत होती. पिशवीत खोट नव्हती, घामातलं मीठ आत जातानाच जॉबवर बसलं होतं. म्हणून नायट्राइलचे हातमोजे खोकंभर आणा.

रोलचे बाहेरचे दोन-तीन वेढे कापून टाका, त्यातलं औषध बरंचसं उडालेलं असतं. तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने टांगा, फिल्मला टेकता कामा नये. तपासायची आहे ती वाफ. सील केल्यावर 20 तास हात लावू नका, वाफेला धातूवर बसू द्या. मग दमट हवा: ह्युमिडिटी चेंबरमध्ये 40 अंश आणि 93 टक्के. चेंबर नसेल, तर घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात तळाशी पोटॅशियम सल्फेटचं संपृक्त द्रावण ठेवा, 25 अंशांना आर्द्रता 97 टक्क्यांच्या आसपास राहते. खायच्या मिठाचं द्रावण 75 वरच थांबतं, ते नको. सॉल्ट स्प्रेचाही मोह नको. 5 टक्के मिठाचा तो फवारा रंग आणि प्लेटिंगसाठी आहे, आणि त्याच्या तासांवरून गोदामातले महिने काढता येत नाहीत.

पिशव्या मोजून करा. उघडलेली पिशवी बाद, कारण वाफ निघून गेली. तिसरा, सातवा, पंधरावा, तिसावा दिवस, दर वेळी तीन व्हीसीआय, तीन साध्या, म्हणजे 24. कडेचे 5 मिलिमीटर सोडून पहिला ठिपका दिसला की गंज, हे वहीत आधीच लिहून सही करा. फोटोसाठी एकच दिवा, एकच अंतर. तिसऱ्या दिवशी आधी साधी पिशवी उघडा.