फ्रीझिंग रेनचा इशारा आला की काय कराल?

टोरांटो-मॉन्ट्रियलकडे नव्याने आलेली आपली मंडळी हिमवर्षावाची धास्ती घेतात, पण पावसाला भीत नाहीत. हिवाळ्यात मात्र जास्त जपायचं ते पावसालाच, म्हणजे टेकताच गोठणाऱ्या ‘फ्रीझिंग रेन’ला. हवेच्या वरच्या उबदार थरात हिमकण वितळतात. जमिनीलगतच्या थंड हवेत ते थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात आणि रस्त्याला, तारेला टेकताच गोठतात. जानेवारी १९९८मध्ये मॉन्ट्रियलच्या परिसरात या बर्फाच्या भाराने विजेचे पोलादी मनोरे कोसळले होते.

१. वीज जाणार असं धरूनच चाला. फोन आणि पॉवर बँक चार्ज करा. टॉर्च, औषधं, पाणी, चिवडा-खाकऱ्यासारखं न शिजवता खाता येणारं काही हाताशी ठेवा. बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये अजिबात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

२. पायऱ्यांवर मीठ पाऊस सुरू होण्याआधी टाका, म्हणजे बर्फ घट्ट धरत नाही. उणे १० अंशांखाली साधं मीठ फारसं चालत नाही, तिथे वाळू पसरा.

३. प्रवास पुढे ढकला. हे मी आग्रहाने सांगते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, पण गुळगुळीत बर्फावर तेही पुरे पडत नाहीत. निघावंच लागलं तर ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर स्थिती पाहा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जाईल. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद ठेवा. पुलांना खालूनही थंड हवा लागते, म्हणून ते आधी गोठतात. सगळ्यात उपयोगी खूण पुढच्या गाडीच्या चाकांपाशी दिसते: रस्ता ओला दिसतोय, पण पाणी उडत नाही, म्हणजे तो बर्फ आहे. अशा वेळी करकचून ब्रेक दाबू नका. गाडी घसरलीच तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि जायचंय तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळूच वळवा.

४. चालताना छोटी पावलं टाका, हात खिशाबाहेर ठेवा.

५. पाऊस थांबल्यावरही फांद्या मोडत राहतात, झाडाखाली उभे राहू नका. तुटलेल्या तारेपासून किमान १० मीटर दूर राहा. तार गाडीवर पडली तर आतच बसून ९११ला फोन करा आणि वीज बंद झाल्याचं सांगितल्याशिवाय उतरू नका.