रोजचा नॅचरल मेकअप: सगळा खेळ शेडचा

रोजच्या मेकअपमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा तर फाउंडेशनची शेड निवडायला, कारण ती चुकली की मग बाकी कितीही छान करा, चेहरा वेगळा आणि मान वेगळी दिसणारच. शेड हातावर लावून बघू नका प्लीज, जबड्याच्या कडेला दोन-तीन शेड्सच्या छोट्या रेघा ओढा, दहा मिनिटं थांबा (बरीच फाउंडेशन्स हवा लागली की थोडी डार्क होतात) आणि मग दुकानाबाहेर उजेडात बघा, जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. गोरं दिसायला एक शेड लाइट घेणं तर अजिबात नको, चेहरा राखाडी दिसतो.

आता लावायचं कसं. आधी मॉइश्चरायझर, मग एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, ते नीट मुरू द्या नाहीतर वरचं सगळं गोळे होऊन निघतं. फाउंडेशन अख्ख्या चेहऱ्याला थापायची गरजच नसते, नाकाच्या बाजूला, हनुवटीवर, जिथे लालसरपणा आहे तिथेच लावायचं आणि ओल्या स्पंजने थोपटायचं, घासायचं नाही. डाग असेल तर त्यावर टिंबभर कन्सीलर, कडा बोटाने मिसळा. क्रीम ब्लश गालावर थोडा वरच्या बाजूला, तोच ओठांवर पण चालतो जर पॅकवर तसं लिहिलेलं असेल तर. मस्काऱ्याचा एकच हात, भुवयांवरून नुसता ब्रश फिरवला तरी पुरे. पावडर फक्त कपाळ आणि नाकाला.