लिनक्स लॅपटॉपला यूएसबी वायफाय अडॅप्टर घेताय? मग या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबंटूसारखं लिनक्स टाकलं की बाकी सगळं मस्त चालतं, पण आतलं वायफाय कार्ड मेलेलं असतं नाहीतर ओळखलंच जात नाही, मग माणूस ऑनलाइन जातो, सगळ्यात जास्त स्टारवाला अडॅप्टर मागवतो, लावतो आणि काहीच होत नाही. लाइट लागते, नेटवर्कची यादी मात्र येत नाही. मग सगळा राग लिनक्सवर निघतो आणि लॅपटॉपवर परत विंडोज येतं. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण खरेदीआधी अर्धा तास शोधाशोध केली असती तर हे टळलं असतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्रँड बघून घेणं. लिनक्सला बॉक्सवरच्या नावाशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त आतली चिप दिसते, आणि ती बहुतेक वेळा रियलटेकची नाहीतर मीडियाटेकची असते, जुन्यात अ‍ॅथेरॉसची. एकाच मॉडेलमध्ये चिप बदलते हे तर कित्येकांना माहीतच नसतं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. त्याच्या व्हर्जन १ मध्ये अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ होती, ती लिनक्सवर लावली की चालू. व्हर्जन २ पासून आत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, नाव तेच, दिसायला जवळपास तसाच, वागणं पूर्ण वेगळं. जुन्या लेखात आणि व्हिडिओत अजूनही "हाच घ्या" म्हणून सांगतात, लोक जाऊन नवीन व्हर्जन घेऊन येतात आणि अडकतात. म्हणून मॉडेल नंबर व्हर्जनसकट बघा, तो मागच्या स्टिकरवर असतो, आणि त्या नंबरापुढे चिपसेट लिहून सर्च करा. ऑनलाइन घेताना रिव्ह्यूमध्ये उबंटू किंवा लिनक्स हे शब्द शोधा आणि रिव्ह्यूची तारीख पण बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या कॉम्प्युटरच्या बाजारात दुकानातून घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बघू द्याल का असं विचारा.

बॉक्सवर "लिनक्स सपोर्टेड" लिहिलंय म्हणून घेणं, ही दुसरी. त्याखाली बारीक अक्षरात बऱ्याचदा कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६ ते ३ पर्यंत काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे कंपनीने कधीतरी सोर्स कोड साइटवर टाकलाय, तो आजच्या कर्नलवर कंपाइल होईलच (म्हणजे चालणारा ड्रायव्हर बनेलच) असं नाही.

आता येतो खरा मुद्दा, कर्नल. चिप बरोबर असली तरी तिचा ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये आला आहे का हे बघावंच लागतं, आणि इथे भले भले चुकतात. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू आणि एमटी७६१०यू या चिपांचा ड्रायव्हर ४.१९ पासून म्हणजे २०१८ पासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे आजच्या कुठल्याही डिस्ट्रोवर (मिंट, उबंटू, डेबियन हे लिनक्सचे प्रकार) बिनधास्त. वायफाय ६ वाली एमटी७९२१एयू २०२२ मध्ये ५.१८ ला आली. रियलटेकच्या आरटीएल८८१२बीयू आणि ८८२१सीयू २०२३ च्या ६.२ ला आल्या. आणि बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या ८८१२एयू आणि ८८२१एयू या चिपा कर्नलमध्येच नीट मिळायला २०२५ मधलं ६.१४ उजाडलं! आता हे आपल्या डिस्ट्रोला लावून बघा. मिंट २१ सुरुवातीला ५.१५ घेऊन येतं, डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, मिंट २२ आणि उबंटू २४.०४ मध्ये ६.८ पासून पुढे, डेबियन १३ मध्ये ६.१२. म्हणजे तोच ८८१२बीयूवाला अडॅप्टर मिंट २२ वर लावताक्षणी चालेल आणि डेबियन १२ वर मख्ख बसेल, दोन्हीत दोष कुणाचाच नाही. तुमचं कर्नल कुठलं ते टर्मिनलमध्ये यूनेम, स्पेस, डॅश आर टाइप केलं की कळतं. मिंटवाल्यांना अपडेट मॅनेजरमधून नवीन कर्नल टाकता येतं, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

मला विचाराल तर मी सरळ मीडियाटेक सांगेन. जुनं कर्नल असेल तर एमटी७६१२यू (अल्फा कंपनीचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम अडॅप्टर यावरच आहे), नवीन कर्नल आणि वायफाय ६ चा राउटर असेल तर एमटी७९२१एयू, आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर एमटी७६१०यू. थोडे महाग पडतात आणि शोधावे लागतात, पण नंतरचा त्रास वाचतो. अजून एक, काली लिनक्सच्या (सिक्युरिटी तपासणीसाठीचं लिनक्स) व्हिडिओतल्या "बेस्ट अडॅप्टर" याद्या बघून घेऊ नका, त्या मॉनिटर मोडसाठी, म्हणजे आसपासचं वायफाय ट्रॅफिक टिपण्यासाठी असतात, तुम्हाला ऑफिसची मीटिंग न तुटता करायचीये.

बरं, घेऊन झालाय आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये नाहीये, तर मग गिटहबवरून ड्रायव्हर घेऊन कंपाइल करावा लागतो. त्यासाठी नेट लागतं आणि नेटच नाहीये, इथे बरेच जण हात टेकतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते वायर्ड कनेक्शन म्हणून लगेच दिसतं. ड्रायव्हर टाकताना कर्नल हेडर्स (कंपाइलसाठी लागणाऱ्या फाइल्स) आधी टाका आणि डीकेएमएसवालीच पद्धत वापरा, ती प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप परत बनवते, नुसतं मेक आणि मेक इन्स्टॉल केलंत तर पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय गायब होणार, कारण तो ड्रायव्हर त्या एकाच कर्नलसाठी बनलेला असतो. तसं झालंच तर घाबरू नका, लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रबच्या मेनूतून जुनं कर्नल निवडून बूट करा. सगळं नीट कंपाइल होऊनही लोड होत नसेल आणि एररमध्ये "की रिजेक्टेड" असं काही येत असेल तर तो सिक्युअर बूटचा (सही नसलेला कोड अडवणारी सोय) प्रश्न आहे, ड्रायव्हरवर मान्य सही नाहीये. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना सिस्टम एक पासवर्ड ठेवायला सांगते, मग रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल करून तोच पासवर्ड द्यायचा असतो, लोक ती स्क्रीन घाईत पुढे ढकलतात आणि मग तासनतास शोधत बसतात.

ड्रायव्हर आहे तरी चालत नाहीये? मग टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड), स्पेस, डॅश टी करा. त्यात अडॅप्टरच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव दिसायला हवं, रिकामं असेल तर ड्रायव्हरने त्याला हातच लावलेला नाही. काही रियलटेक अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, आत विंडोजचा ड्रायव्हर असतो, नुसत्या एलएसयूएसबीमध्ये आयडी ०बीडीए:१ए२बी दिसतो. तेव्हा यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका, किंवा फाइल मॅनेजरमधून ती सीडी इजेक्ट करून बघा. डीमेसेज या कमांडमध्ये (कर्नलच्या नोंदी) फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चढवायचा छोटा प्रोग्राम, लोड झालं नाही असं दिसलं तर फर्मवेअरचं पॅकेज राहिलंय, डेबियनवर मीडियाटेक आणि रियलटेकची पॅकेजं वेगळी असतात. आणि हो, आरएफकिल लिस्ट ही कमांड पण बघा, वायफाय बंद केलंय का ते ती सांगते, कधी कधी लॅपटॉपच्या कीबोर्डवरचं एअरप्लेन बटणच दाबलेलं असतं.

चालतंय पण सारखं तुटतंय, ही तक्रार वेगळी. एक तर पॉवर सेव्हिंग, उबंटू-मिंटवर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये पॉवरसेव्हची छोटी फाइल असते, त्यात ३ आहे तिथे २ करा आणि रीस्टार्ट. दुसरं कारण लोकांच्या डोक्यातच येत नाही, यूएसबी ३ स्वतःच वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ अडथळा निर्माण करतं, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. शेजारच्या पोर्टला हार्ड डिस्क लावली की वायफाय ढेपाळतं ते यामुळे. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

स्पीडचं पण सांगतो. बॉक्सवरचं एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस यांची ढोबळ बेरीज, दोन्ही एकदम मिळत नाहीत. यूएसबी २ च्या पोर्टला ४८० एमबीपीएसची मर्यादा, हातात त्याच्या बरंच खाली येतं. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर एसी६०० पुरतो, वरचे पैसे चांगल्या चिपसाठी ठेवा.

अडॅप्टर आला की रिटर्नची मुदत आहे तोवरच तपासा. दुसऱ्या डिस्ट्रोवर जाणार असाल तर तिचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावर पण लावून बघा, रात्रभर मोठी फाइल डाउनलोडला ठेवा, लॅपटॉप झाकून परत उघडा आणि सस्पेंडमधून उठल्यावर वायफाय आपोआप जोडलं जातं का ते बघा, काही ड्रायव्हर नेमके तिथेच झोपतात.