गल्लीतला रस्ता कुणाचा? दारासमोरच्या पार्किंगच्या वादात कागद, माप आणि तक्रार

बेळगावात दारासमोर दुसऱ्याची गाडी उभी राहायला लागली, की शब्दाने शब्द वाढवण्याआधी स्वतःचं खरेदीखत बाहेर काढा. चतुःसीमेत नुसतं 'पूर्वेस २० फुटी रस्ता' लिहिलंय की 'सामाईक बोळ', 'विक्रेत्याने ठेवलेली वाट' असं काही आहे, ते वाचा. ही ओळ आणि रस्त्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला लेआउट असेल तर उत्तर बहुधा सरळ असतं. मंजूर नकाशातले रस्ते आणि मोकळ्या जागा लेआउट करणाऱ्याला नोंदणीकृत कागद करून विनामोबदला सोडून द्याव्या लागतात. त्यानंतर तो रस्ता सार्वजनिक. कंपाउंडच्या बाहेरची एक इंचही जागा तुमची नाही. 'फक्त रहिवाशांसाठी' हा स्वतः रंगवलेला फलक, साखळी, दगड, कुंड्या यांना तिथे कायद्याचा आधार नाही. उलट अतिक्रमण म्हणून तुमच्यावरच नोटीस येऊ शकते.

खरा गुंता होतो तो एनए (बिगरशेती) न करता शेतात पाडलेल्या प्लॉटमध्ये. विकणाऱ्याने हाताने काढलेल्या नकाशावर रस्ता असतो, पण उताऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं. म्हणून प्लॉटचा नव्हे, रस्त्याच्या सर्व्हे नंबरचा उतारा काढा. शहराच्या जुन्या भागात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरवर प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा मिळतो. कॅम्पातला रस्ता असेल तर महापालिकेत हेलपाटे घालू नका, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे.

नकाशा कुणी देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांपर्यंतच मजकूर चालतो, त्यामुळे 'अमुक सर्व्हे नंबरच्या मंजूर लेआउट नकाशाची आणि रस्ता हस्तांतराच्या कागदाची प्रत' एवढंच मागा. हा अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीतच द्या. मराठीतला परत येण्याची शक्यता आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज वेगळा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तो देता येतो, आणि हा हक्क आपल्या मराठी लोकांनी सोडू नये. मात्र काम लवकर हवं असेल तर सोबत कन्नड प्रत जोडा.

रस्ता खरोखर खासगी निघाला, तरी वाटेचा हक्क म्हणजे गाडी लावण्याचा हक्क नव्हे. खरेदीखतात 'जाण्या-येण्यास' असं असेल तर तेवढंच. सामाईक बोळात प्रत्येकाला वावर आहे, दुसऱ्याची वाट अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही, मग तो मूळ मालक का असेना. कागदावर काहीच नसेल तर १८८२ चा वहिवाटीचा कायदा बघावा लागतो. मुंबई इलाख्यात तो १८९१ पासून लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. उघडपणे, हक्काने, खंड न पडता २० वर्षं वापरलेली वाट त्याखाली मागता येते. पण ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. जुने फोटो, घरपट्टीच्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब आत्ताच गोळा करून ठेवा.

आता माप. गाडी भिंतीपासून थोडी सोडून लावली की आरशासकट ६ ते ७ फूट खाते. २० फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मध्ये ६ ते ८ फूट उरतात. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स कशीबशी घासत जाईल, अग्निशमनचा बंब नाही. एकाच बाजूला लावल्या तर १३ फूट मोकळे राहतात. म्हणून २० फुटी गल्लीत एकच बाजू, यात तडजोड नको. गेटच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीलाही गाडी नको. गाडी बाहेर काढून वळवायला तीच जागा लागते.

सार्वजनिक रस्त्यावर कुणीही गाडी लावू शकतो, पण कशीही नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत फुटपाथवर आणि कुणाच्या घराच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला मनाई आहे. त्यासाठी तुमच्या गेटवर फलक असण्याची गरज नाही. गेट अडलं तर नंबरप्लेट, गेट आणि रस्ता एकाच चौकटीत येईल असा फोटो वेळेसह काढा आणि ११२ ला फोन करा, किंवा वाहतूक ठाण्यात लेखी द्या. उत्तर आणि दक्षिण अशी दोन ठाणी आहेत. १० तासांहून जास्त बेवारस उभी असलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली उचलता येते आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. गल्लीच्या तोंडाशी महिनोन्‌महिने गंजत पडलेल्या गाड्यांसाठी हेच कलम अर्जात लिहा. सार्वजनिक वाट अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

टायरची हवा सोडणं, चाकाला साखळी घालणं, काच फोडणं, यातलं काहीही करू नका. तुमची बाजू कितीही खरी असली तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ तक्रार मागे पडते.

पूर्ण बंद कंपाउंडमधल्या खासगी बोळाबाबत पोलीस बहुधा 'दिवाणी मामला' म्हणून परत पाठवतात. तिथे सर्व्हे खात्याकडून मोजणी करून घ्या आणि मगच वकिलाकडे मनाईहुकुमासाठी जा. मोजणीशिवाय केलेला दावा हद्दीच्या वादातच अडकून पडतो.

त्याआधी गल्लीच्या पंचांना जरूर बसवा, पण तोंडी ठराव टिकत नाही. कोणत्या बाजूला गाड्या, पाहुण्यांच्या कुठे, गणपतीचा मंडप पडला की रस्ता अर्धा होतो तेव्हा कुठे, हे कागदावर उतरवा. घरमालकांबरोबर भाडेकरूंच्याही सह्या घ्या. बऱ्याच गाड्या त्यांच्याच असतात, आणि बैठकीला नेमके तेच बोलावलेले नसतात.