कोल्हापुरात स्थलांतरावरचं प्रदर्शन मांडायचं तर

हॉल आधी बुक करायचा आणि विषयाची जुळवाजुळव नंतर, असं केलं की घोळ होतोच. ज्यांच्याबद्दल भिंतीवर लिहिणार, ती माणसं बघायला येऊ शकतील का, एवढं आधी ठरवा. तारीख आणि जागा त्यावरूनच ठरते.

ऊसतोड मजुरांवरचं प्रदर्शन मे महिन्यात ठेवलं, तर तोवर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या बीडकडे परतलेल्या असतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणून डिसेंबर-जानेवारी धरावा. चंदगड-आजऱ्याकडून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांसाठी गणपती किंवा मे. मेंढपाळांसाठी पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेचे दिवस, पण ऐन यात्रेत नको. भंडाऱ्याच्या उधळणीत फलक पिवळे होतात आणि वाचायला कुणी थांबत नाही.

दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन शहरातल्या प्रेक्षकांना सोयीचं आहे. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार मात्र पाळी बुडवून तिथवर येणार नाही. त्यामुळे प्रदर्शन टेम्पोत घालून हलवता येईल असंच बांधा: 2 बाय 3 फुटांचे, 5 मिलिमीटर सनबोर्डचे 20 ते 24 फलक, वर मॅट लॅमिनेशन. चार दिवस शहरात, मग दोन दिवस एखाद्या तालमीच्या हॉलमध्ये, दोन दिवस कारखान्याच्या गाडीतळाजवळ, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामाजवळ. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण ट्यूबलाइटखाली चमकतो, गुंडाळून नेला की कडा वळतात आणि प्रदर्शनाला वाढदिवसाच्या बोर्डाची कळा येते.

जुना संदर्भ घ्यायचा तर वळिवडे हातचं सोडू नये. 1943 ते 1948 या काळात इथल्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत मुलखातून इराणमार्गे ते इथवर आले होते. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. दोन्ही मुक्काम एकाच फलकावर, एकाच नकाशावर दाखवा. वेगळे फलक केले की लोक पोलिश फोटोंपाशी रेंगाळतात आणि सिंधी फलक ओलांडून जातात. या फलकावर मराठीबरोबर सिंधी मजकूरही द्या आणि तो गांधीनगरातल्याच कुणा जाणत्याकडून तपासून घ्या.

वस्तू उसनी घेताना दुहेरी पावतीपुस्तक ठेवा. वस्तूचा क्रमांक, मालकाचं नाव, गाव, आधीच्या भेगा-डाग, फोटो आणि परतीची तारीख, इतकं लिहून पावती मालकाच्या हातात द्यायची. वस्तूवर स्टिकर चिकटवू नका, त्याचा डिंक निघत नाही. पुठ्ठ्याचा टॅग सुती दोऱ्याने बांधा. पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्यांची मात्र रंगीत झेरॉक्सच लावावी, कारण प्रखर उजेडात जुनी शाई आठवड्याभरातही फिकी पडू शकते. छोटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. तीन इंचांचा फोटो बारा इंच केला तरी छपाई निभते. व्हॉट्सॲपवर मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो दाबला जाऊन फुटतो.

मुलाखतीत आवाज, फोटो आणि नाव यांची परवानगी वेगवेगळी घ्या. कागद वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊन भागत नाही. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली हे लोक मोकळेपणाने सांगतात, पण तो आकडा मजुराच्या नावासकट किंवा टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या नावाशेजारी छापू नये. पुढच्या हंगामात त्याचा त्रास त्या कोयत्यालाच, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोडीलाच होतो. रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. मजुरांच्या खोपीत बसून केलं तर पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची सळसळ येते, ती राहू द्या. ट्रॅक्टरचा आवाज मात्र बोलणं गिळतो.

मथळ्याखालचा मजकूर 60-70 शब्दांपलीकडे नको. नुसतं ‘ऊसतोडीचा कोयता’ लिहिलं तर बघणारा पुढे सरकतो. मुठीला चिंधी का गुंडाळली आहे, पातं झिजून किती अरुंद झालंय, धार कोण लावतं, हे मालकाच्या बोलीत लिहा. बीडची बोली पुणेरी करायच्या भानगडीत पडू नका. अक्षरं किमान 28 पॉइंटची आणि ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. छपाईवाल्याकडे जुना फॉन्ट असेल तर युनिकोड मजकूर बदलताना रफार उडतो, जोडाक्षरं तुटतात. म्हणून मजकूर कर्व्हमध्ये बदललेली पीडीएफच द्या आणि आधी एक फलक छापून घेऊन घरातल्या सत्तरीच्या माणसाला वाचायला लावा.

फलकाचा मध्य जमिनीपासून 145 सेंटिमीटरवर ठेवा, शाळेची मुलं येणार असतील तर 125 वर. डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप धरत नाही, रात्रीतून रंगासकट सुटून येते. वरून नायलॉन दोरीने टांगणं बरं.

लोक सर्वांत जास्त रमतात ते दोऱ्याच्या नकाशापाशी. 6 बाय 4 फुटांच्या सॉफ्टबोर्डवर महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक काढायचं आणि प्रत्येकाने आपल्या गावापासून कोल्हापूरपर्यंत किंवा कोल्हापुरातून गेलेल्या जागी दोरा ताणायचा. येणाऱ्यांना लाल, जाणाऱ्यांना निळा. दुपारपर्यंत मुंबईत टाचण्यांचा गठ्ठा होतो, म्हणून लालबाग-परळचा मोठा नकाशा बाजूला वेगळा लावा. बंगाल आणि ओडिशा चौकटीबाहेर राहतात आणि गुजरी या सराफ बाजारातला बंगाली कारागीर टाचणी हातात धरून नुसता उभा राहतो. उजव्या कडेला भारताचा छोटा नकाशा त्यासाठीच लागतो.

धनगर मेंढपाळांचं गजनृत्य ठेवणार असाल तर मोकळं पटांगण लागतं, स्टेजवर त्याचा घेर मावत नाही. ढोल सुरू झाला की ध्वनिफितींचा कोपरा बंद ठेवावा लागतो, तेव्हा ओव्या ऐकवायची वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी एक तास भिंतीवर दुरुस्तीची वही टांगून जाणकार माणूस शेजारी उभा करा. तारखा, गावांची नावं, नातेसंबंध यातल्या चुका लोक तिथेच दाखवतात. दुरुस्त पट्टी दुसऱ्या दिवशी फलकावर चिकटवायची, जुना मजकूर खाली दिसू द्यायचा.

वस्तू परत करायला जाताना पावतीपुस्तक, फोटो आणि ज्या फलकावर ती माणसं आहेत त्याची ए-फोर प्रत सोबत न्या. हंगाम संपायच्या आत जा, नंतर त्या टोळीचा पत्ता फक्त मुकादमाकडे उरतो.